वाळवा तालुक्यातलं एक विटांचं अंगण : दोनदा घातलं, त्याची हकिकत

२०१९ च्या मार्चमध्ये सरांचा फोन आला तेव्हा मी एका दुमजली घराच्या स्लॅबवर उभी होते. सर म्हणजे माझे शाळेतले इतिहासाचे शिक्षक. निवृत्त होऊन वाळवा तालुक्यातल्या आपल्या गावी परतले होते.

"अगं, अंगणात विटा घालायच्या म्हणतोय. सारवणं आता हिच्या गुडघ्यांना झेपत नाही. काँक्रीट नको, ते तापतं. पेव्हर ब्लॉक नको, पेट्रोल पंपावर राहायला आल्यासारखं वाटतं. विटांचं होईल ना?"

होईल की सर, म्हटलं. तोवर मी भिंती, स्लॅब, पाण्याच्या टाक्या पुष्कळ केल्या होत्या. विटांची जमीन एकही केली नव्हती, आणि ते कबूल करावं असं तेव्हा सुचलं नाही.

अंगण ३० फूट बाय २४ फूट. एका बाजूला घराचं जोतं, दोन बाजूंना कंपाउंडची भिंत, चौथ्या बाजूला गल्ली आणि गल्लीच्या कडेनं गटार. मधोमध तुळशीवृंदावन, ईशान्येच्या कोपऱ्यात जुना कडुनिंब. गल्लीकडच्या एका कोपऱ्यात सरांची गाडी लागायची. जमीन अस्सल काळी. गाव नदीपासून बरंच आत, त्यामुळे पुराचं पाणी येत नाही. पण भोवताली सगळा ऊस, आणि बारमाही पाण्यानं शिवारातली काही वावरं क्षारपड झालेली. ही शेवटची गोष्ट मला माहीत होती, पण तिचा अंगणाशी काही संबंध असेल हे डोक्यात आलं नाही.

आपल्याकडचे गवंडी विटेत वाकबगार, पण भिंतीच्या. बंगालात किंवा त्रिपुरात दगड दुर्मीळ, म्हणून तिथले गावरस्तेसुद्धा विटांचे. आपल्याला काळा दगड पायाखालीच मिळतो आणि शहाबादी फरशी शेजारच्या कर्नाटकातून येते. त्यामुळे जमिनीवर वीट घालायची म्हटलं की आमचा मिस्त्री आडवी भिंत बांधायला घेतो. आणि मीही त्याला तेच सांगितलं.

पहिलं काम असं झालं. अंगण वरवर खरडून सपाट केलं. तीन इंच मुरूम पसरला, पाणी मारलं, हातातल्या धुम्मसानं ठोकला. हरळी आणि लव्हाळा वर येऊ नये म्हणून त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला. ही युक्ती माझीच. वर एकास सहा सिमेंट-वाळूचा दोन इंच माल आणि त्यात पाण्यात भिजवलेल्या विटा, नाव (भट्टीचं नाव कोरलेला खड्डा) खाली करून, सपाट. सांधे वरून एकास तीन सिमेंट-वाळूनं भरून बंद, त्याला दर्जा भरणं म्हणतात. गल्लीच्या बाजूला सहा इंचांचा उंचवटा, बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून, आणि त्यात आतलं पाणी जायला एक तीन इंची पाइप. ढाळ दहा फुटांना पाऊण इंच. तोही खालच्या मुरमाला न देता वरच्या मालात काढलेला, म्हणजे जोत्याजवळ माल जाड आणि गल्लीकडे पातळ. विटा भट्टीवरच्या एक नंबर : लालभडक, सरळ कडांच्या, भिंतीला नंबर एक.

दिसायला अंगण देखणं झालं. सरांनी एप्रिलमध्ये पाहुण्यांना बोलावून दाखवलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली पाण्याखाली गेली. सरांच्या अंगणात पूर नव्हता, पण वृंदावनाभोवती पाणी चार-चार दिवस हलत नव्हतं. पंधरवड्यात विटांवर हिरवं शेवाळ धरलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सकाळी तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि घसरल्या, मनगट मोडलं. मी भेटायला गेले तेव्हा त्याच म्हणाल्या, "यंदाचा पाऊसच तसला होता, बाळा. तू काय करणार?" ते बोलणं मी सोयीस्करपणे खरं मानलं.

हिवाळ्यात विटांवर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांची पूड, फुटला. मिस्त्रीनं संडास धुवायचं ॲसिड पाण्यात मिसळून अंगण धुतलं. आठ दिवस स्वच्छ दिसलं, मग लोणा दुपटीनं वर आला आणि दर्जांचं सिमेंट खरखरीत होऊन निघायला लागलं. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये टाळेबंदी होती, मला जाता येईना. सर फोनवर फोटो पाठवायचे. वृंदावनापासून कडुनिंबाच्या कोपऱ्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग. वृंदावनाभोवतीचा भाग वर आल्यासारखा, कडा खाली गेलेल्या. विटांची साल पापुद्रे सुटावेत तशी निघत होती. गाडीचं चाक जायचं त्या पट्ट्यातल्या अकरा विटा मधोमध मोडल्या होत्या.

नोव्हेंबरमध्ये गेले आणि छिन्नीनं चार फूट बाय चार फुटांचा तुकडा उघडला.

पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते, तरी माल आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये पाणी होतं. कुजकट वास आला. मोडलेल्या विटा उलट्या केल्या तर नावाचा खड्डा रिकामाच होता, माल त्यात चढलाच नव्हता. वरून ठोकलं की पोकळ आवाज येत होता तो यामुळेच. प्लॅस्टिक फाडलं तर खालची काळी माती लोण्यासारखी मऊ. भिंतीकडेला दोन फुटांवर दुसरा खड्डा घेतला, तिथं तीच माती वाळून भेगाळलेली, खचलेली.

अंगण मध्ये का वर आलं याचं उत्तर या दोन खड्ड्यांत होतं. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगांत काठी जाते हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. आम्ही मधला भाग झाकून टाकला, त्यामुळे तिथली ओल उडेना आणि माती फुगलेलीच राहिली. कडेची माती मात्र उन्हानं वाळून बसली. कडुनिंबानं आपल्या कोपऱ्यातली ओल वेगळी ओढून घेतली. खाली जमीन अशी तीन तऱ्हांनी हलत होती आणि वर सिमेंटनं जखडलेली एकसंध पाटी होती. तीन इंच मुरमाचा या मातीवर काहीच वचक नसतो. पाटी वाकू शकत नव्हती, म्हणून मोडली, आणि जिथं ताण सर्वांत जास्त तिथं, म्हणजे वृंदावन आणि कडुनिंब यांच्यामधल्या रेषेवर मोडली.

मग वीट तपासली. एक चांगली वीट उन्हात दोन दिवस वाळवून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली : ३ किलो १०० ग्रॅम. चोवीस तास बादलीत बुडवून पुसून पुन्हा ठेवली : ३ किलो ७२० ग्रॅम. म्हणजे वजनाच्या २० टक्के पाणी प्यायली. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या बांधकामाच्या विटेला एवढं चालतं, त्यामुळे भट्टीवाल्याला बोल लावायची सोय नव्हती. पण फरसबंदीच्या विटेचं मानक वेगळं आहे, ३५८३, आणि त्यात मर्यादा ५ टक्क्यांची आहे. हे दोन आकडे मी पहिल्या खेपेला शेजारी-शेजारी ठेवून पाहिले असते तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

लोणाही यातूनच आला. क्षारपड मातीतली ओल, त्यात दर्जांचं सिमेंट, वर बोअरच्या खाऱ्या पाण्यानं रोज धुणं. वीट हे सगळं पिते, ऊन पाणी उडवतं, क्षार विटेच्या सालीत स्फटिक होऊन फुगतात आणि साल सुटते. विटांच्या फरसबंदीचे परदेशी व्हिडिओ बघितले की निम्मा वेळ थंडीत विटेतलं पाणी गोठून ती कशी फुटते यावर जातो. सांगलीत बर्फ पडत नाही. ते काम आमच्याकडे लोणा करतो.

मी हे सगळं वहीत मांडत बसले होते, तेवढ्यात शेजारचे एक शेतकरी काका कुंपणापलीकडून डोकावले. त्यांच्या क्षारपड वावरात त्यांनी नुकत्याच जमिनीखालून सच्छिद्र पाइपा टाकून घेतल्या होत्या. आमच्या भागात असं खूप जणांनी केलं आहे. खड्ड्यातलं पाणी बघून ते म्हणाले, "मॅडम, वावराचा निचरा तुंबला की ऊस पिवळा पडतोय. ह्ये अंगणबी तसंच की. वरनं किती लिपलं तरी खालनं वाट नगं का पाण्याला?"

मी वहीचं पान फाडलं. तोवर माझ्या मांडणीत पाणी विटेच्या वर अडवायचं होतं : अधिक चांगला माल, दर्जांत वॉटरप्रूफिंग, वर सीलरचा लेप. काकांच्या बोलण्यानं प्रश्नच उलटा झाला. पाणी आत जाणारच, ते पटकन निघून कसं जाईल एवढंच बघायचं. विटा या सगळ्यात शेवटी येतात.

म्हणून सगळ्यात आधी मोजलं ते गटार. त्याचा तळ अंगणापेक्षा तीन फूट खाली निघाला, आणि तिथंच काम जमण्यासारखं आहे हे ठरलं. गटार वर असतं तर निचऱ्याची पाइप घालून उपयोग नव्हता, उलट गटाराचंच पाणी आत आलं असतं. मग शोषखड्डा काढावा लागला असता, आणि काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे नुसता खड्डा.

जानेवारी २०२१ मध्ये जुनं सगळं उखडलं. सिमेंटमधून वीट सुटी निघत नाही, तुकडेच होतात. तीन हजारांतल्या जेमतेम चारशे धड निघाल्या, त्यांचा काकूंनी वाफ्यांना कठडा केला. मग वरच्या पातळीपासून वीस इंच खोदलं. साधारण बारा ब्रास काळी माती निघाली, ती काकांनी पेरूच्या बागेत नेली. खोदलेल्या तळालाच दहा फुटांना दोन इंच ढाळ दिला, जोत्याकडून गल्लीकडे; चोवीस फुटांत पावणेपाच इंच. वरचे सगळे थर या तळाला समांतर येणार होते, म्हणून ढाळ इथंच पक्का केला. चुना मिसळून काळी माती शांत करण्याचाही विचार होता, ती रीत चांगली आहे. पण एवढ्या छोट्या जागेत चुना सारखा मिसळायचा कसा, यावर अडलं आणि सोडून दिलं.

तळावर न विणलेलं जाड कापड अंथरलं, ते जिओटेक्स्टाइल म्हणून मिळतं. पाणी त्यातून जातं, पण चिखल वर येऊन मुरमात मिसळत नाही. प्लॅस्टिकशी याची गल्लत करायची नाही. मी केली होती. गल्लीकडच्या सखल कडेला चर काढून काकांच्याच शेतातली उरलेली सच्छिद्र पाइप टाकली, भोवती खडी, तोंड गटारात आणि तोंडाला जाळी. जाळी नसेल तर पहिल्या थंडीत उंदीर मुक्कामाला येतात. कापडावर नऊ इंच मुरूम, तीन-तीन इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर किंचित ओला करून भाड्याच्या प्लेट कॉम्पॅक्टरनं, म्हणजे थरथरत्या लोखंडी पाटीच्या ठोकयंत्रानं, बसवलेला. त्यावर सहा इंच चाळीस एमएमची खडी, फटींत कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, झाडून भरलेली. खर्चाचा मोठा वाटा इथंच गेला, आणि तो नंतर कुणालाच दिसत नाही. सर रोज संध्याकाळी येऊन विचारायचे, "विटा कधी?"

विटेचा निर्णय भट्टीवर जाऊन केला. आमच्याकडच्या भट्ट्या उघड्यावर रचतात. आगीच्या जवळची वीट जास्त भाजते, बाहेरच्या अंगाची कमी, त्यामुळे एकाच भट्टीतून चार जातींच्या विटा निघतात. सगळ्यात जास्त भाजलेली काळपट-जांभळी पडते, तिला कुणी झामा म्हणतं, कुणी खंगर. भिंतीला ती नकोशी, कारण वाकडी असते आणि माल धरत नाही. भट्टीवाला ती पायात भरायला नाहीतर फोडायला विकतो. मला तीच हवी होती, मात्र वाकलेली आणि एकमेकींना चिकटलेली सोडून. दोन मजूर बायका आणि मी, अडीच दिवस वेचत बसलो. दोन विटा एकमेकींवर आपटायच्या. पितळेसारखा आवाज आला तर घ्यायची, मातीच्या मडक्यासारखा आला तर टाकायची. नखानं किंवा खिळ्यानं ओरखडा उठला तरी टाकायची. वेचलेल्यातली एक पुन्हा काट्यावर ठेवली : वाळलेली ३ किलो २०० ग्रॅम, भिजून ३ किलो ४६० ग्रॅम. आठ टक्के. पाचच्या आत नाही, पण वीसवरून आठवर आलो होतो, आणि गाडी एकच होती. भट्टीवाला शेवटी म्हणाला, "मॅडम, माझा माल इतका कुणी वाजवून घेतला न्हवता."

वीट नऊ बाय चार बाय तीन इंचांची. काकूंना चटईची वीण हवी होती, म्हणजे विटांचे चौकोन, एक आडवा तर शेजारचा उभा. सपाट ठेवली तर दोन विटांची रुंदी आठ इंच आणि लांबी नऊ, एक इंच उरतो. चटई जुळत नाही. कडेवर उभी केली तर तीन इंचांच्या तीन विटा मिळून बरोबर नऊ. वर चार इंच जाडी मिळते, नावाचा खड्डा बाजूला जातो आणि मोडण्याची भीती कमी होते. विटा मात्र जास्त लागतात : चौरस फुटाला चारऐवजी सव्वापाच. सरांना हे सांगितलं तर ते खूश झाले. मोहेंजोदडोच्या मोठ्या स्नानकुंडाचा तळ कडेवर उभ्या केलेल्या विटांचाच आहे, हे त्यांनी मला नववीत शिकवलं होतं म्हणे. मला आठवत नव्हतं. चार हजार विटा सांगितल्या.

मिस्त्री मात्र अडून बसला. "वाळूवर ईट ठिऊन कुठं टिकत असतीया व्हय? पोरंबी उचलून न्हेतील." त्याचं चुकत नव्हतं, तीस वर्षं त्याच्या हातून सिमेंटशिवाय वीट बसलेली नव्हती. वाद घालण्यापेक्षा सहा फूट बाय सहा फुटांचा तुकडा कोपऱ्यात करून पाहिला आणि त्यावरून ट्रॅक्टर ट्रॉलीसकट नेला. मधल्या विटा हलल्या नाहीत. कडेची ओळ बाहेर सरकली, तिच्यामागची दुसरीही सैल झाली. मिस्त्री खाली बसला, सरकलेली वीट हातानं हलवून बघितली आणि म्हणाला, "मधलं बसलंय. कडंला धरायला पायजे." त्यानंतर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

कडा हे या सगळ्या कामातलं एकमेव सिमेंट. चारी बाजूंना, वृंदावनाभोवती आणि कडुनिंबाभोवती सोडलेल्या तीन फुटांच्या मोकळ्या आळ्याला, विटा उभ्या पुरून मागून काँक्रीटचा टेकू दिला. सखल बाजूच्या कडेत दर तीन फुटांवर अर्ध्या इंचाची फट सोडली, म्हणजे विटांखालच्या वाळूतलं पाणीही चरात उतरतं. गल्लीकडचा जुना उंचवटा काढून टाकला.

खडीवर एक इंच क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू), धुतलेली आणि भरड. डस्ट मिसळलेली बारीक घेतली तर ती पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली चिखलासारखी सरकते. एक इंची दोन पाइपा रुळांसारख्या ठेवून त्यांवरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढायची, पाइपा काढायच्या, त्यांच्या खाचा भरायच्या, आणि मग त्या वाळूवर कुणी पाय ठेवायचा नाही. घातलेल्या विटांवर बसूनच पुढची वीट ठेवत जायचं. वीट भिजवायची नाही; मिस्त्रीचा हात सवयीनं बादलीकडे जायचा. दर चार फुटांवर दोरी. भट्टीच्या विटेत पाव इंचाचा फरक असतोच आणि चटईत तो साठत जातो, म्हणून लाकडी साच्यातून काढून विटांचे तीन ढीग केले : लांब, मध्यम, आखूड. एका चौकटीत एकाच ढिगातल्या. गाडीच्या दहा बाय सोळा फुटांच्या जागेत हेरिंगबोन घातलं, म्हणजे विटा एकमेकींना काटकोनात अडकवलेली नागमोडी वीण. चाक वळलं तरी त्यात विटा एकमेकींना अडवून धरतात, चटईत सरळ सांधे निघतात आणि सरकतात. कडेला अर्ध्याहून लहान तुकडा वापरला नाही.

सांधे पाच-सहा मिलिमीटरचे. चाळून, ताडपत्रीवर वाळवलेली बारीक वाळू खराट्यानं झाडून भरली, प्लायवूड ठेवून त्यावरून प्लेट फिरवली, पुन्हा वाळू, पुन्हा प्लेट. शेवटी मिस्त्रीनं हळूच विचारलंच, "थोडं शिमिट मारू का वाळूत?" नको म्हटलं. कोरडं सिमेंट झाडलं की पहिल्या पाण्याला विटांवर राखाडी डाग कायमचे बसतात आणि सांधे ताठ होऊन पुन्हा तीच पाटी तयार होते.

काकूंची एक अडचण राहिली होती, ती त्यांनी काम संपत आल्यावर सांगितली. "रांगोळी कुठं काढू? या फटींत सगळी जाईल." खरं होतं. वृंदावनासमोर तीन बाय तीनची शहाबादी बसवली. दिवाळीच्या पणत्यांचं तेलही त्या फरशीवरच सांडतं, विटेत मुरत नाही. नकाशावर हे मला आधी सुचायला हवं होतं.

काम मार्चअखेर संपलं. पन्हळीचं पाणी पूर्वी थेट अंगणात पडायचं, ते पाइपनं गटारात नेलं, कारण पागोळ्यांच्या रेषेखाली सांध्यांतली वाळू एका पावसात खरवडून निघते. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. तेवीस तारखेला मी फोन केला, तर सर छत्री घेऊन गटारापाशी उभे राहून पाइपच्या तोंडातून पाणी पडताना बघत होते.

त्यानंतरच्या चार पावसाळ्यांत अंगणाला जे लागलं ते असं. पहिल्या वर्षी वाळू बसत जाते, तेव्हा दसऱ्यानंतर नऊ घमेली सांध्यांत भरावी लागली. दुसऱ्या वर्षी तीन, आता दोन पुरतात. मुंग्या आपल्या भागातली वाळू वर काढून ढिगुल्या करतात, ती परत झाडून घालायची. हरळी आळ्याच्या बाजूनं येतेच. काकू पेजेचं आधण उतरलं की उरलेलं उकळतं पाणी तिच्यावर ओततात. उरते ती पाऊस पडून गेल्यावर खुरप्याच्या टोकानं निघते. गावात तणाला मीठ टाकायची पद्धत आहे, ती इथं बंद केली, नाहीतर आपणच लोण्याला बोलावणं पाठवतो. लोणा पहिल्या हिवाळ्यात आला, कोरड्या काथ्याच्या ब्रशनं झाडला, पाण्यानं धुतला नाही. पाण्यानं धुतला की तो विरघळून परत विटेत जातो. दोन वर्षांत दिसेनासा झाला. शेवाळ फक्त जोत्याच्या सावलीतल्या पट्ट्यात धरतं. जुलैत दोनदा ब्रश मारायचा. एका उत्साही भाच्यानं गाडी धुवायचा प्रेशर पंप आणून शेवाळ काढलं होतं. शेवाळाबरोबर सांध्यांतली इंचभर वाळूही गटारात गेली. सीलर मारा असं दोन दुकानदारांनी सांगितलं. ओल ज्या बाजूनं बाहेर पडते तीच बाजू बंद करायचा हा उद्योग, नाही केला.

२०२२ मध्ये नळाची नवी पाइप टाकायला गल्लीतून माणसं आली आणि अंगणातून आरपार चर काढावा लागला. सरांना आधी धस्स झालं. एक ओळ कडेनं सुटी केली की बाकी विटा हातानं निघतात. दुपारपर्यंत पाइप गाडली आणि संध्याकाळी विटा परत जागेवर. पण चर निघालेल्या मातीनंच बुजवला, त्यात काळी माती होती, त्यामुळे पुढच्या जूनमध्ये तेवढा पट्टा इंचभर खचला. पुन्हा उचलून मुरूम आणि खडी ठोकून घातली. २०२३ मध्ये गटाराकडच्या कोपऱ्यात चाळीसेक विटा एका रात्रीत बसल्या. खाली घुशीनं मांडीएवढं बीळ केलं होतं, जाळी गंजून निघाली होती. खडी भरली, नवी जाळी लावली, वाळू ओढली, विटा ठेवल्या. मिस्त्री आणि त्याचा पोरगा, अर्धा दिवस. निघताना तो म्हणाला, "आता ह्ये शिमिटात असतं तर आपलं मरण हुतं."

यंदाच्या जानेवारीत जाऊन दोरी लावून पाहिलं. ढाळ सगळीकडे शाबूत आहे, गाडीच्या चाकाखाली तीन-चार मिलिमीटर दबलं आहे, तेवढं चालतं. कडुनिंबाच्या आळ्याला लागून मात्र तीन ओळी पाऊण इंच वर उचलल्या आहेत. मूळ आळ्याच्या कडेखालून बाहेर आलंय. मिस्त्री म्हणतो तोडू. सर नको म्हणतात, आणि मलाही जाड मूळ तोडणं पटत नाही. आळं चार फुटांचं करायचं, कड मागे घ्यायची, त्या तीन ओळी काढून काकूंना द्यायच्या असं ठरलंय. वाफ्याचा कठडा अजून अर्धाच झालाय.